‘कर’ म्हणजे ‘फॉन’

हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तिला वाटतं तो एक गैरसमज होता, आणि परदेशात गैरसमज व्हायचेच. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी तिचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं. मी दोघींनाही तसं वाटू दिलं. खरं असं आहे की रेगेन्सबर्गमध्ये भाड्याचं घर मिळावं म्हणून मी एका वयस्कर फ्रेंच बाईंना माझ्या आडनावाचा खोटा अर्थ सांगितला, आणि सांगताना तो खोटा आहे हे मला पक्कं माहीत होतं.

माझ्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. मराठी माणसाला याउपर काही सांगायला नको. शाळेच्या हजेरीत ‘कर’ भरून असतात. कुणाचा तरी खापरपणजोबा एका गावातून उठला, दुसऱ्या गावात गेला, आणि तिथल्या लोकांनी जुन्या गावाचं नाव त्याला चिकटवलं, एवढीच त्यामागची कहाणी. ज्या गावावरून माझं आडनाव आलं ते मी पाहिलेलं नाही. वडिलांनीही पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागून थोडी वर्षं झाली होती. मुलगी रांगत होती आणि आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो. जर्मनीत भाड्याचं घर बघायला जाणं म्हणजे कांदेपोह्याचा कार्यक्रम, फक्त इथे ट्रे घेऊन आपण उभे. त्या दिवशी रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेलेली. सगळ्यांच्या हातात पगाराच्या पावत्यांच्या फायली. आत रिकाम्या खोलीत स्वयंपाकघरातली एक खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या. स्वेटरच्या कोपरांना रफू, मनगटावर पुरुषी घड्याळ. फाइल त्यांनी उघडलीच नाही. वरचं नाव वाचलं.

“हे शेवटचं ‘कर’ काय आहे?” त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

“आधी गावाचं नाव, मग ‘कर’,” मी म्हणालो. “‘कर’ म्हणजे ‘फॉन’.”

इथे थांबून सांगायला हवं. मी अमुक गावचा, असं जर्मनमध्ये म्हणायचं तर ‘आउस’ म्हणतात. भाषेच्या वर्गात पहिल्या तासाला तेच शिकवतात: इष कोमे आउस इंडियन, मी भारतातून आलोय. पुढचं सगळं व्याकरण विसरलं तरी माणूस तेवढं विसरत नाही. ‘फॉन’ नावात आलं की त्याचा अर्थ निराळा. ते खानदानी लोकांचं, जहागिरीवाल्यांचं. फ्रेंच नावात त्या जागी ‘द’ असतं. आमच्याच विभागात एक ‘फॉन’वाला होता. कँटीनमध्ये लोक त्याला चिडवायचे, “हेर बारोन, आज तुम्हीही आमच्यासारखे बटाटेच खाणार?” त्या विनोदाला मीही हसायचो. म्हणजे मला माहीत होतं. नवीन होतो, भाषा कच्ची होती, जीभ घसरली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. जीभ घसरली नव्हती. मी दारातून जिन्यावरच्या रांगेकडे पाहिलं आणि मग शब्द निवडला.

बाईंनी मान वर केली. “आख् सो,” त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीही.”

‘तुम्हीही’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात किल्ली हातात आली. बायको म्हणाली, “काय जादू केलीस रे?” मी म्हणालो, “पोरगी गोड दिसली असेल त्यांना.”

घर त्यांचंच होतं. वर त्या एकट्या राहत, खाली आम्ही. जर्मन नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. पोस्टमननं पहिल्याच आठवड्यात सांगितलं की या फ्रान्सच्या एका काउंटची मुलगी, म्हणजे आपल्याकडचे सरदार म्हणा, आणि पुस्तकं लिहितात. सगळी स्वतःच्या आयुष्याबद्दल, सगळी फ्रेंचमध्ये. आम्हाला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. आम्ही त्यांना मादाम म्हणायचो. मुलगी बोलायला लागल्यावर वरची आजी म्हणायला लागली, आणि तेच राहिलं.

थोड्याच दिवसांत पुण्याहून माझी आई आली. आमच्या घरात एरवी अरेतुरे. आम्ही कॉलेजपासूनचे. पण सासूसमोर नवऱ्याला ‘अरे’ म्हणायचं नाही हा नियम बायकोनं स्वतःच लावून घेतलेला. आईनं बाईंना चहाला बोलावलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, कप जरा पुढे करता का?”

बाईंचा कान तीक्ष्ण. “हे ‘अहो’ काय?”

मी म्हणालो, “तुमच्या ‘झी’सारखं. आदरार्थी.”

“तुमची पत्नी तुम्हाला ‘झी’ म्हणते?” त्यांनी कप खाली ठेवला. “माझी आई माझ्या वडिलांना जन्मभर ‘वू’ म्हणाली. आम्ही मुलंही आईला ‘वू’च म्हणायचो. इथे हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं घरात प्रेम नव्हतं.” मग माझ्या बायकोकडे बघून त्या म्हणाल्या, “तुमच्या घरात हे अजून आहे.”

आता यात मी काय खोटं बोललो? एक शब्दही नाही. ‘अहो’चा अर्थ बरोबर सांगितला. आई परत गेली की ते ‘अहो’ही जाणार, एवढंच सांगितलं नाही. आई गेली, पण ते गेलं नाही. बाई खाली आल्या की बायको कुरकुरत नसलेला पदर सावरायची. “सासूबाई पुण्याला पोचल्या, तरी मी आपली अजून सासरीच. वरच्या आजी जिना उतरल्या की माझं अहो सुरू!”

पण त्या चहाच्या वेळचं खरं दुखणं वेगळंच आहे. बाईंनी आईला विचारलं, तुमचे यजमान काय करत? मधे दुभाषा मी.

आई खुलली. “त्यांना सांग, आमचे हे एसटीत कंडक्टर होते. दिवाळीलासुद्धा घरी नसायचे. पण काय ओळख होती! कुठल्याही गावात उतरोत, लोक हात करायचे. चहाचे पैसे म्हणून कुणी घेतले नाहीत त्यांच्याकडून.”

एसटी म्हणजे राज्य परिवहन. मी बाईंना सांगितलं, “ते राज्याच्या सेवेत होते. सणावारालाही घरी नसत. ज्या गावात जात तिथे लोक त्यांना ओळखत, आणि त्यांच्याकडून कुणी पैसे घेत नसे.”

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पण त्या एक शब्द बोलल्या, कंडक्टर. आमच्याकडे कोंदुक्तर म्हणजे चालवणारा, नेणारा. ते लोकांना नेत होते?”

“या, गेनाऊ,” मी म्हणालो, म्हणजे हो, अगदी बरोबर.

लोकांना नेतच होते ते. त्या क्षणी मला वाटलं की मी फार हुशार आहे. रात्री जेवताना आई म्हणाली, “मी एवढं बोलले आणि तुझं चार वाक्यांत कसं संपलं रे? कंडक्टर म्हणालास ना?”

“त्यांनीच म्हटलं की, तुझ्यासमोर.”

“हो, ते ऐकलं मी,” आई म्हणाली, आणि समाधानानं ताकाची वाटी तोंडाला लावली.

त्यानंतर रविवार दुपारचं मला वर बोलावणं यायला लागलं. बाई स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलत, आणि मी ऐकायचो. फ्रान्सच्या मधल्या मुलखात त्यांचं म्हणायला शॅटो होतं, म्हणजे सरदारी वाडा. हिवाळ्यात दोनच खोल्या वापरात, बाकीच्यांना कुलूप, कारण जाळायला लाकूड नसे. छपराचं गळणारं पाणी धरायला जी भांडी ठेवत त्यांवर घराण्याचं चिन्ह कोरलेलं. भिंतीच्या कोरड्या बाजूला कोणत्या पूर्वजाची तसबीर लावायची, यावरून आईवडिलांत भांडणं, तीही ‘वू’ म्हणत. बाई ते नक्कल करून सांगायच्या आणि मी पोट धरून हसायचो.

मग युद्ध आलं. जर्मन अधिकारी त्या घरात उतरले. युद्धानंतर काउंट सगळीकडे सांगत फिरले की आपण त्यांच्याबरोबर एकदाही ताटावर बसलो नाही. बाई तेव्हा अगदी लहान होत्या. “पण सूपचं भांडं आत नेताना दार मीच धरलं होतं,” त्या म्हणाल्या. “वडील टेबलाच्या टोकाला बसलेले मी पाहिले.” मोठेपणी त्यांनी एका जर्मन शाळामास्तराशी लग्न केलं. ते घरच्यांनी कसंबसं गिळलं. पहिलं पुस्तक आलं, त्यात ते सूपचं टेबल होतं, आणि ते मात्र कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. थोरल्या भावानं सांगितलं, तू हे पाहिलेलं नाहीस, तू रचलंस. त्यानंतर दोघं भावंडं एकमेकांशी बोलली नाहीत. वडील गेले तेव्हाही नाही.

“माझ्याकडे जमीन नाही, ते घरही विकलं गेलं,” बाई एकदा म्हणाल्या. “मी लिहिलं ते तसंच होतं, एवढं एकच माझं आहे. पाहिलं असेल ते पाहिलं म्हणून लिहायचं. ऐकलं असेल तर कुणाकडून, ते सांगायचं. याच्याबाहेर मी कधी गेले नाही.”

हे ऐकून मी खाली आलो. खाली येऊन काय केलं? काही नाही. पुढच्या रविवारी परत वर गेलो.

का जात राहिलो, हे नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करतो. कारखान्यात मी ‘आमचा भारतीय सहकारी’ होतो. चांगले लोक होते, वाईट वागवलं असं कुणी म्हणू नये. पण माझ्याबद्दल त्यांना विचारायचं असे ते जेवण तिखट असतं का, एवढंच. वर गेलो की मी कुठलातरी असायचो. बाई विचारायच्या, तुमच्याकडे मयताच्या घरी किती दिवस चूल पेटत नाही, वाटणीत विहीर कुणाला जाते? मला उत्तरं यायची नाहीत. मी आईला फोन करून विचारायचो आणि वर जाऊन सांगायचो. म्हणजे माझंच घर मला त्यांच्यामुळे थोडंफार कळलं. हे सगळं एका खोट्यावर उभं होतं, तर मग ते कळणंही खोटं का? माझा इथे गोंधळ होतो.

मग एका रविवारी त्या म्हणाल्या की आता शेवटचं पुस्तक लिहितेय. या घराबद्दल, घरात राहून गेलेल्या माणसांबद्दल. “तुमच्यावर एक प्रकरण आहे. चालेल ना?”

मी “तुमची मर्जी” म्हणालो आणि रात्रभर छताकडे बघत पडलो. पुढच्या वेळी ठरवून गेलो. बायको आणि मुलगी पोहायला गेल्या होत्या.

“मादाम, माझ्या आडनावाचं तुम्ही समजता तसं नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे सगळेच ‘कर’. डॉक्टरही ‘कर’, पाकीटमारही ‘कर’ आणि त्याला पकडणारा हवालदारही ‘कर’. आम्ही कुणी नाही.”

बाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला. “माझे काका अगदी असंच बोलायचे! पाहुण्यांना सांगायचे, मी कोबी पिकवणारा शेतकरी, आम्ही कुणी नाही. ज्यांनी पदवी विकत घेतली होती तेच तेवढे सांगत सुटायचे.”

“नाही, खरंच. माझे वडील बसमध्ये तिकिटं फाडायचे.”

“आणि माझ्या वडिलांनी बाजारात कोंबड्या विकल्या,” त्या म्हणाल्या. “काळच तसा आला, दोघांवरही. यात लाजण्यासारखं काय आहे?”

मी जितकं नाही म्हणत होतो, तितका त्यांच्या डोळ्यांत खानदानी ठरत होतो. जिना उतरताना मी स्वतःला म्हटलं, झालं, सांगितलं, आता माझ्या डोक्यावर काही नाही. पण आज खरं लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहितो. मी ते हसत हसत सांगितलं होतं. विनोद वाटावा अशा बेतानं सांगितलं होतं, तो हवालदार आणि पाकीटमार आधीच घरी जुळवून ठेवला होता. आणि त्यांनी मानलं नाही याचा मला आनंद झाला होता.

या वसंतात पुस्तक आलं. बाईंनी सही करून एक प्रत दिली. मुलगी आता गिम्नाझिउमच्या, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या, वरच्या वर्गात आहे, तिथे फ्रेंच शिकते. तिला मराठी समजतं, उत्तर ती जर्मनमधून देते. तिचं बोलणं इथे मी मराठीत लिहितोय. जेवताना तिनं पुस्तक ताटाशेजारी उघडलं आणि अर्थ लावत वाचायला लागली.

“बाबा, इथे लिहिलंय की आजोबा लोकांना नेत होते.”

“नेतच होते की,” बायको म्हणाली. “साताऱ्यापर्यंत. ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणत.”

“आणि ते कुठेही गेले तरी लोक त्यांच्याकडून पैसे घेत नसत. आणि आपल्या घराण्याच्या नावात गाव आहे. आई, आजोबा राजे होते का?”

बायको हसून हसून खोकायला लागली. “राजे! त्यांना पगारवाढीसाठी संपावर बसावं लागायचं गं. म्हाताऱ्या माणसाचा गैरसमज झालाय, दुसरं काय.”

मुलगी हसली नाही. ती पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवून होती. “पण गैरसमज कसा? इथे लिहिलंय, ‘हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.’”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे वळून म्हणाली, “काहीतरीच. हा कशाला असं सांगेल?”

मी भात वाढून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला मला सोसला नाही, असं ते एकच जेवण.

हे इथेच थांबलं असतं तर कदाचित मी लिहायला बसलोही नसतो. पण गेल्या आठवड्यात बाई स्वतः खाली आल्या. आता त्यांना जिना जड जातो, कठडा धरून एकेक पायरी. ज्या गावात त्यांचं शॅटो होतं तिथल्या वाचनालयानं नव्या पुस्तकाचं वाचन ठेवलंय. भावाच्या मुलीचा फोन आला होता. भाऊ अजून आहे, नव्वदीच्या पुढचा, आणि तो यायचं म्हणतोय.

“मला गाडीनं न्याल का?” बाई म्हणाल्या. “रेल्वे आता झेपत नाही.”

“नेईन की,” मी म्हणालो.

“आणि तुम्ही पहिल्या रांगेत, माझ्या भावाशेजारी बसायचं. त्याचं म्हणणं एकच होतं की मी रचते. जुनी माणसं सगळी मेली, त्यांच्यावरून मी काय सिद्ध करणार? पण तुम्ही आहात. मी तुमचं प्रकरण वाचीन आणि मग त्याला म्हणेन, हे बसलेत, यांनाच विचार.”

बायको मागून म्हणाली, “अहो, रजा टाका उद्याच. इतक्या वर्षांनी भाऊ भेटतोय त्यांचा.”

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. बाईंना आत्ता सांगितलं तर त्या जाणार नाहीत, हे मी त्यांना ओळखतो म्हणून सांगतो. खोटं पान हातात घेऊन त्या भावासमोर उभ्या राहणार नाहीत. मग ती भेट कदाचित कधीच होणार नाही. नाही सांगितलं, आणि त्या म्हाताऱ्यानं मला सरळ एक प्रश्न विचारला, तर मी काय उत्तर देऊ? खरं बोललो तर सूपच्या टेबलापासून सगळंच रचलेलं ठरेल, जे बाईंनी खरोखर पाहिलं होतं तेही. खोटं बोललो तर त्या जिंकतील, माझ्या शब्दावर. आणि त्यानं विचारलंच नाही तर? कधीकधी मला वाटतं की भावाशी गोड होईपर्यंत गप्प बसावं. मग लक्षात येतं की हा विचारही मला सोयीचाच आहे. जिन्यातल्या रांगेकडे पाहून ज्यानं शब्द निवडला तो माणूस मीच, आणि तो अजूनही हिशेबानंच शब्द निवडतोय.

हे सगळं मी मराठीत लिहिलंय. मराठी बाईंना वाचता येत नाही. मुलीला समजतं, पण ती देवनागरी वाचत नाही. म्हणजे हे लिहिणंसुद्धा पुरेसं नाही, हे मला कळतं.

पुढच्या महिन्यात जायचं आहे. रजा मंजूर झाली आहे. वर दिवा दिसतोय, बाई भावासमोर वाचायची पानं मोठ्यानं म्हणून बघतायत. त्या गाडीत बसायच्या आधी, हसू न आणता, कोणतीही गंमत न जोडता त्यांना खरं सांगायचं, एवढं देणं मी लागतो. ते मी अजून फेडलेलं नाही.